बेटकुळी

अकराव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता आयुष्यभर सुई.
बाबांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला:
टोचायला मांस कुठाय हिच्या अंगावर?

आता आहे, बाबा.
रॉदरहॅमला, टायरच्या दुकानामागच्या जिममध्ये
पहाटे साडेपाचला जाऊन तोळा तोळा जमवलंय,
काट्यावर तोललेल्या भातातून,
अंड्यांच्या पांढऱ्यातून,
आणि दर घासाआधी पोटात टोचलेल्या
मोजून सहा, मोजून चार युनिटांतून.

जड वजन उचललं की साखर चढते.
रात्री दोनला उतरते,
पायऱ्या न मोजता.
उशीखालचा फोन किंचाळतो,
शेजारचे मिस्टर ओकली भिंतीवर थाप मारतात,
आणि मी थरथरत्या हातानं
ज्यूसच्या डब्यात स्ट्रॉ खुपसते. तीनदा चुकते.

लायल एकदा पार्किंगमध्ये हळूच म्हणाला,
एखादं पेन देशील? तीस पौंड.
त्याला दंड फुगवायचे होते त्यावर.
मी म्हटलं, माझा फ्रीज बिघडलाय.
दुसऱ्या दिवशी मात्र नीट सांगितलं, मरशील.
तो म्हणाला, मग तू कशी जगतेस?
डंबेल जागेवर ठेवायच्या निमित्तानं
मी वळले.

स्पर्धेच्या दिवशी ग्लेंडानं रंगाची तोफ रोखली.
मला कशाला, मी म्हटलं, मी मुळातच सावळी.
सगळ्यांनाच, पोरी, तीन हात.
आईनं सोळा वर्षं साय-हळद चोळली मला उजळवायला,
इथे पस्तीस पौंड मोजून
मी शिसवी कपाटासारखी उभी.
सेन्सर मात्र काढला नाही.
नेमका बेटकुळीवर बसलेला,
डोळा नसलेल्या डोळ्यासारखा.

पडद्यामागे, आमचा वर्ग पुकारायला सात मिनिटं,
तीन पूर्णांक चार.
बाण सरळ खाली.
घाम फुटला, रंगाचे ओघळ पोटरीवर.
पिशवीतून जेली काढली, लाल, पिवळी, मिळेल ती,
बोकाणा भरला
आणि मान वर केली तर
सगळ्याच खात होत्या.
शिरा तटतटाव्यात म्हणून जेली, मध, जॅम लावलेल्या तांदळाच्या चकत्या,
सगळ्याच चिकट बोटांच्या, सगळ्याच घाईत.
लग्नात, वाढदिवसात, संक्रांतीला
माझ्या ताटाकडे बघणारे तेवीस वर्षांचे डोळे
इथे नव्हते.
एकीनं तर आपली हिरवी जेली मला दिली.
तिला हिरवी आवडत नाही म्हणे.

निवेदकानं धुमाळचं डूमल केलं.
मी हात वर केले, पाठ फिरवली, श्वास कोंडून हसले.
परीक्षकांतली एक बाई सेन्सरकडे पाहत
काहीतरी लिहीत राहिली.
काय लिहिलं कोण जाणे.
सहाजणींत चौथी.
पोटऱ्या कमी पडल्या, प्रशिक्षक म्हणाला.
बरोबर आहे. पोटऱ्या आमच्या घराण्यातच नाहीत.

घरी येऊन सेन्सर उपटला.
खाली चवलीएवढा गोल,
माझ्याच मूळ रंगाचा.
दुसऱ्या दंडावर नवा चिकटवला.
त्याला जागं व्हायला तास लागतो.
बोट टोचून एकदा पाहिलं, ठीक होतं,
मग मीटरही बाजूला सारलं.
ना काटा, ना बाण, ना परीक्षक.

न्हाणीघराच्या आरशासमोर, टॉवेलवर,
मी हात वाकवला.
बेटकुळी उठली, पाठीवर तो गोरा ठिपका घेऊन.
बसली.
पुन्हा उठली.