वैयक्तिक संवाद

भोशाच्या वर, दंडोबाच्या डोंगरात
देवळामागच्या कपारीत
पानासारख्या नाकाची वटवाघळं राहतात.
गुरव त्यांना पाकोळ्या म्हणतो.
मी अकरा वर्षं त्यांना आकडे म्हणतेय.

मे महिना. साडेसात वाजलेत.
प्रणोती टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन गुंडाळतेय.
जाळ्यातून सोडवलेल्या पहिल्या मादीचं काळीज
माझ्या अंगठ्याला लागतं,
तक्त्यात त्याला रकाना नाही.
बाहूचं हाड एकावन्न मिलिमीटर.
वजन पिशवीसकट चौदा, पिशवीचे चार वजा.
पिशवी दस्तगीरनं शिवलेली,
तंबोऱ्याच्या गवसणीतून उरलेल्या कापडाची.
"लोक आभाळाला घालतात, बाई,
आपन दहा ग्रॅमला घालू."

छातीवरचे केस झिजलेत, म्हणजे अंगावर पाजतेय.
खाली ओटीपोटाशी आणखी दोन बोंडं.
त्यांतून दूध येत नाही.
आई उडताना पिल्लाला नुसतं धरायला असतात ती.
हे मी दरवर्षी एम.एस्सी.च्या वर्गाला सांगते
आणि दरवर्षी मागच्या बाकावर खसखस पिकते.
यंदा प्रणोती तेवढी
वहीत मान घालून लिहीत राहिली.

दस्तगीर मुल्ला, प्रयोगशाळा परिचर,
मागच्या सप्टेंबरात निवृत्त.
बाप मिरजेत तंबोरे करायचा.
ह्याला चपडीच्या वासानं खोकला,
म्हणून कॉलेजात चिकटला, बरण्या धुवायला.
"तिथं चपडी, हितं फॉर्मालिन.
नाकाचं नशीब काय बदललं न्हाई."
एका रात्री डिटेक्टरचा हेडफोन
त्यानं एकाच कानाला लावला,
आपल्या कानांच्या पलीकडचं
आपल्या कानांच्या मापाला आणून देणारं ते यंत्र,
आणि बराच वेळ डोळे मिटून बसला.
"ह्या पोराची जवारी अजून उघडली न्हाई.
आठ दिस द्या त्याला."

मी हसले. तारीख घालून लिहून मात्र ठेवलं.
नवव्या दिवशी आलेखावर तेच:
पिल्लाचा सूर वर सरकलेला, कडा धारदार,
आणि शेदीडशेंच्या कालव्यातून
आई नेमकी त्याच्यापाशी.

निबंध चौदा महिने फिरला.
पहिल्या परीक्षकाला आवडला.
दुसऱ्याला नमुना अपुरा वाटला
आणि माझं इंग्रजी कुण्या जाणकाराला दाखवावंसं.
चर्चेच्या भागात एक ओळ होती,
शेवटी कंसात: द. मुल्ला, वैयक्तिक संवाद.
संपादकांनी विचारलं, यांचं पद, संस्था?
मी खरं ते कळवलं.
उत्तर आलं, वाक्य वगळल्यास बरं.
वगळलं.
पदोन्नतीच्या फाइलीत त्या निबंधाचे
पूर्ण गुण धरले गेले.

ती पिल्लं मोजत होते त्या वर्षांत
माझी मुलगी आईकडे कवठ्याला वाढली.
या वाक्याला मी संदर्भ जोडत नाही.

मादी सोडायची वेळ झाली, नियम दहा मिनिटांचा.
तळहात उघडला तरी ती क्षणभर बसून राहते,
नाकाचं पान हलवते,
मला बहुतेक एखादी भिंत समजून तपासते,
मग नसते.

तेवढ्यात फोन वाजतो.
"बाई, यंदाची कशी बोलत्यात?"
त्याचे कान आता वरच्या पट्टीत गेलेत,
डॉक्टर म्हणाले, तिथूनच सुरुवात होते.
मी डिटेक्टरचा आवाज पूर्ण वाढवते,
फोन त्याच्याजवळ नेते.
कपारीतून पोरं ओरडताहेत,
टिकटिक, चिर्र, पुन्हा टिकटिक,
पलीकडून काहीच नाही.
रेंज गेली असेल.
"दस्तगीर? येतंय का ऐकू?"

"धरा बाई. तसाच धरा जरा."

प्रणोती विचारते, मॅडम, वेळ किती लिहू.
हाताला मुंग्या आल्यात.