रकाना सहा

पाहुण्यांना पाठवायच्या सूचना मीच टाइप केल्या.
राजशिष्टाचार कक्ष, दुसरा मजला,
खिडकीतून नवा पूल अर्धाच दिसतो.
रकाना चार: पादत्राणे बाहेर. मोजे चालतील.
रकाना पाच: खांदे झाकलेले असावेत.
का, ते कुणी विचारलं नाही,
आधीच्या फायलीत तसंच होतं.
रकाना सहा: शुभप्रसंगी काळा रंग कृपया टाळावा.
साहेबांनी हिरव्या शाईनं सही केली.
तारीख कुणीच पाहिली नाही.
चौदा जानेवारी.

घोले रोडच्या सभागृहात चाळीस बायका.
काळी चंद्रकळा, काळी पैठणी, काळं इरकल,
बहिरटबाईंच्या गळ्यात हलव्याचा हार,
दिव्यांच्या धगीनं किंचित चिकटलेला.
आणि दारातून आत आल्या
लिस्बनच्या सेन्योरा इल्दा,
फिकट पिवळ्या झग्यात, आज्ञाधारक,
तेराव्याच्या घरी कुणी चुकून
वरातीची शेरवानी घालून यावं तशा.

त्या उंबऱ्यातच थबकल्या.
दुभाषीही मीच,
आजोळ म्हापशाचं, तेवढ्या भांडवलावर.
माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,
"कोण गेलं?"

कुणी नाही, मी सांगितलं.
आज सूर्य वळतो.
थंडीचे दिवस, काळा रंग ऊब धरतो,
वर्षातून एवढा एक दिवस त्याला मानाचं पान.
बोलता बोलता मलाच ते
शाळेतल्या निबंधासारखं वाटू लागलं.

त्या हसल्या नाहीत. पर्स उघडली.
आत घडी घातलेली काळी लोकरी शाल,
एका टोकाला रफू.
"आई गेली डिसेंबरात.
तिचीच ही. वर्षभर पांघरायची असते आमच्यात.
तुमचं पत्र आलं,
म्हणून विमानात उतरवून ठेवली."

आणि खांद्यांवर ओढून घेतली.

टाळ्या पडल्या.
बहिरटबाई लगबगीनं पुढं झाल्या,
"बघा, किती पटकन आपल्यातली झाली!"
हातावर तिळगूळ. गोड बोला.
फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, जरा उजेडात.
सेन्योरांनी तो लाडू तोंडात टाकला,
चावला नाही,
गालात तसाच धरून ठेवला.

"काय हो, काय म्हणाल्या त्या?"
चाळीस तोंडं माझ्याकडे वळलेली.

मी म्हटलं, "थंडी वाजतेय म्हणाल्या."

दुपारचे दोन. बाहेर एकतीस अंश.
मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं
आणि पंखा बंद केला.