कुठल्या सालचा

मी तसा गवसण्या शिवणारा माणूस.
मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत,
तंबोऱ्याच्या भोपळ्याला अंगरखा बेततो.
मोटारींशी माझं नातं एस.टी.एवढंच.

दस्तगीर शिकलगार एका दुपारी दुकानात शिरला,
खांद्यावर स्प्रिंगा लोंबणारं आसन.
"इराण्णा, भोपळ्याला जमतं, तर हिला का न्हाई?
ही बी आतनं पोकळच हाय."

वखारभागातल्या कबाडे वकिलांची लँडमास्टर.
वकील गेल्यापासून हरिपूरच्या वाटेला,
हळदीच्या पेवांशेजारी, पत्र्याच्या शेडात
विटांवर उभी.
दोन महापूर तिच्या टपावरून गेले.
हॉर्नमध्ये बेडकाचा सांगाडा सापडला,
मुबारकनं तो आगपेटीत घालून ठेवलाय.

आठ महिने.
गंज खरवडला तो पोत्यानं निघाला.
कार्बोरेटरसाठी दस्तगीर दोनदा बेळगावला गेला,
तिसऱ्यांदा भंगारवाल्याच्या मुलीच्या लग्नाला,
आहेर देऊन घेऊन आला.
रंगाचे सात हात.
पॉलिश पेपर ओढताना तो श्वास धरून ठेवायचा.
आजा-पणजांनी तलवारी उजळल्या, बापानं कात्र्या लावल्या,
याच्या वाट्याला मडगार्ड आलं.
मी तांबडं कातडं शिवलं, कडेनं पांढरी गोट,
टाका तोच, गवसणीचा,
बोट फिरवलं तरी सापडू नये असा.

रविवारी विश्रामबागच्या मैदानावर जुन्या मोटारींचा मेळा.
ट्रेलरवरून, चादरी पांघरून आलेल्या लांबलचक गाड्या,
त्यांचे टोपीवाले मालक.
आमच्या फलकावर 'शिकलगार मोटर वर्क्स',
पेंटर विसरला तो रफार मुबारकनं खडूनं दिलेला.

पुण्याचे परीक्षक, पांढरा शर्ट, हातात बॅटरी.
"किती टक्के मूळ?"
"लोखंड तेवढं मूळ, साहेब. बाकी आमचा घाम."
त्यांनी तेही लिहून घेतलं.
पहिल्याच फिरकीला इंजिन लागलं,
जवारी नीट बसलेल्या तारेसारखं.
मला तेवढंच कळतं, पण ते कळतं.

डॅशबोर्डखाली दस्तगीरनं हौसेनं बसवलेला छोटा पंखा.
"हा मूळचा नाही," परीक्षक म्हणाले,
आणि बटण दाबलं.

फस्स.

नळीच्या कुठल्यातरी वाकणात आम्हाला चुकवून बसलेला
कृष्णेचा गाळ
पिठासारखा उडाला.
शर्टावर, चष्म्यावर, माझ्या पांढऱ्या गोटीवर.
दस्तगीर जमिनीकडे बघत राहिला.
'आतील स्वच्छता' पुढे काहीतरी खोडल्याचा आवाज
मला मैदानभर ऐकू आला.

आणि मग गर्दी जमली.
ट्रेलरवाल्यांची नव्हे. आमची, गावातली.
एकानं दारावरून बोट ओढलं: "एकोणीसचा हाय.
आमच्या दुसऱ्या मजल्यावर हाच होता, टीव्हीत बी."
"एकोणीसचा काळा पडतो. हा बघ की, पिवळा."
"आयर्विनला किती फूट होतं तवा?"
"तुला काय ठावं, तू मामाकडं पळालावतास."
भडंगाचे कागद हातात चुरगळलेले,
आणि गाडी कुठल्या सालची, कुणीच विचारेना.

मांडवाच्या खुर्च्या उचलायला आलेला भुजंगा ऐवळे,
पेठेतला जुना हमाल,
त्यानं चिमूट घेतली, तळव्यावर चोळली,
हुंगली.
"पाचचा," तो म्हणाला.
"पेवं फुटली तवाचा. हळद हाय यात."
आणि वादावादी थांबली.

बक्षीस एका हिरव्या मर्सिडीजला गेलं.
आम्ही परतलो, अंकलीच्या बाजूनं उगीच लांबून.
कोणी बोललं नाही. मुबारकनं दोनदा हॉर्न वाजवला.

रात्री कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली
मी ओला फडका घेऊन गोट पुसली.
डाग हटेना.
"हळदीचा हाय," मी म्हटलं, "साबणानं न्हाई जायचा.
चार दिवस उन्हात उभी कर, आपोआप उडंल."

दस्तगीरनं पान जुळवलं, चुना लावला.
"नवा रंग हाय, इराण्णा," तो म्हणाला,
"उन्हात न्हाई लावायची."
आणि उठून
तिला शेडात आणखी आत ढकलू लागला.
मी मागून हात दिला.