तळटीप क्रमांक सतरा

ओर्तेन्सिया साल्दिव्हार बाईंची खोली
आज आम्ही तिघं रिकामी करतोय.
खोली कसली, पत्र्याची बराक,
शेतकी विभागाच्या मागं,
एका सत्रापुरती म्हणून दिलेली,
एकोणीसशे बाहत्तरात.

बाईंच्या नावातला पहिला एच मुका.
सॅलिनासच्या शाळेत कुणी मिस प्रूइट होत्या,
त्यांनी त्याला बोलतं केलं
आणि नावाचं शेपूट छाटून टाकलं.
म्हणून की काय, बाई हजेरी घेत नसत, मागत.
तुझं नाव तू म्हण, मग मी म्हणते.
बारा वर्षं मी टेरी होतो.
एलेउतेरिओ हे धड म्हणायला
मला दोन आठवडे लागले.

पहिल्या तासाला आखूड दांड्याची कुदळ फिरायची,
वडिलांची.
भिंतीपर्यंत वाकून जा, वाकूनच परत ये.
जाताना वर्ग हसायचा.
येताना नाही.
मग बाई म्हणायच्या, पान चार काढा.

नोकरी कायम करणाऱ्या समितीनं
त्यांच्या प्रबंधात बोट ठेवलं ते तळटीप सतरावर:
'आई. स्वयंपाकघरात, टॉर्टिया भाजताना.'
ही आठवण झाली, म्हणाले, पुरावा नव्हे.
बाईंनी तारीख घातली, वेळ घातली,
पिठाच्या पिशवीवरचा छापसुद्धा.
पुन्हा नकार.
तिसऱ्या वर्षी एका मतानं निभावलं.
ते मत मृदाशास्त्राच्या एका म्हाताऱ्याचं,
ज्यानं लेट्युसच्या ओळी
खुर्चीतून पाहिल्या नव्हत्या.

आईला वाचता येत नव्हतं.
छापलेलं पान समोर धरलं तर म्हणाली,
एवढ्या बारीक अक्षरात? आणि तळाशी?
बाईंना त्यावर उत्तर सुचलं नाही.
हे त्या दरवर्षी सांगायच्या
आणि दरवर्षी तिथंच थांबायच्या.

दुपारी कार्यालयाचा माणूस यादी घेऊन आला.
कपाटं दोन, खुर्च्या नऊ,
शेतीचं अवजार एक.
'हे इथलं नाही,' म्हणाला,
आणि त्यावर पिवळी चिठ्ठी डकवली:
शेतकी विभागाकडे परत.

बाई गाडीत जाऊन बसल्यात,
हॉर्न वाजवतायत, त्यांना धीर कधीच नव्हता.
मला चारला दुसऱ्या कॉलेजात पोचायचंय,
सातला तिसऱ्या,
कुठंच कायम नाही.
कुदळ पायाशी उभी धरून पाहतो.
गुडघ्यापर्यंत येते जेमतेम.

चिठ्ठी निघता निघत नाही.
नखानं खरवडतोय.