गुरुवारची कॅप्सूल

डॉक्टर तिडके म्हणाल्या, कॅन्डिडा.
मला वाटलं, सदरच्या कॉन्व्हेंटमधली
एखादी मुलगी असेल, दोन वेण्या, पांढरे मोजे.
पांढरीच, त्या म्हणाल्या, नावाचा अर्थच तो.
म्हणजे आपल्या बायका बरोबरच बोलतात,
पांढरं जातं.

पाच वर्षांत मी तेवढंच बोलले होते,
तेही फक्त नलू डेकाटेशी,
पंचशील चौकात, सिग्नल लाल असताना.
हिरवा झाला की विषय बंद.

मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
टेरिकॉटची पँट, कमरेला पट्टा,
छातीवर पाटी: र. सु. पराते.
आठ तास लघवीला जागा नाही,
म्हणून पाणीच प्यायचं नाही.
खाज उठली की हात शिट्टीवर.
ट्रकवाल्यांना वाटायचं, मॅडम चिडकी आहे.

सासू म्हणायची, कडुलिंबाच्या पाण्यानं धू.
केमिस्ट म्हणायचा, मलम न्या.
सात ट्यूबा झाल्या. दर वेळी पेपरात गुंडाळून
वरून काळी पिशवी,
जसा काही चौकीतला मुद्देमालच पळवते आहे.
महिनाभर बरं, मग पुन्हा तेच.

डॉक्टरांनी आधी तपासलं.
काडीला कापूस, काचेची पट्टी.
मग विचारलं, दिवस गेलेत?
गेले ना, म्हटलं, चौकातच गेले सगळे.
त्या हसल्या नाहीत.
पोटुशी असाल तर हे औषध देत नाही मी.
साखर? लिव्हर? दुसऱ्या कसल्या गोळ्या?

बुरशी आहे ही, म्हणाल्या,
पुष्कळांच्या अंगात असते, गुपचूप राहते.
बुरशी म्हटल्यावर मला बरणी दिसली.
इतवारीचं घर, मी तेरा वर्षांची, आई ओरडते आहे:
शिवू नको वं, लोणच्याले बुरशी लागंन!
वीस वर्षं चार-चार दिवस लांब राहिले.
लोणचं कधी नासलं नाही.
हे आईला फोन करून सांगावंसं वाटलं,
सांगितलं नाही.

कॅप्सूल गुलाबी, दीडशे मिलिग्रॅम.
पहिल्या आठवड्यात तीन, मध्ये दोन-दोन दिवस सोडून,
मग आठवड्याला एक, सहा महिने.
वार तुम्हीच ठरवा.
मी गुरुवार धरला. मार्गशीर्षाची सवय आहे.
ह्याला कलश नाही, कहाणी नाही,
फक्त बरं वाटलं म्हणून
घेतला वसा मध्येच टाकायचा नाही.

ह्यांनी विचारलं, कशाची गोळी?
नाव सांगितलं, जागाही सांगितली.
हे बराच वेळ कूलरकडे बघत बसले,
मग उठून त्यात पाणी भरलं.

तिसऱ्या गोळीनंतर एका पहाटे जाग आली
पेपरवाल्याच्या सायकलीनं, दुसऱ्या कशानं नाही.
आग नव्हती.
मी पडल्या पडल्या ती शोधत राहिले,
हरवलेली किल्ली शोधावी तशी.

आज अकरावा गुरुवार.
सिग्नल लाल. नलू सकाळपासून
या पायावरून त्या पायावर होते आहे.
काऊन वं, म्हटलं.
काही नाही, म्हणाली.
मी तिला सांगायला लागते: धंतोली,
दुसरा मजला, संध्याकाळी सहानंतर,
लाजू नको, नाव कॅन्डिडा,
आणि माझी गोळी मागून खाऊ नको, आधी तपासून घे.
सिग्नल हिरवा होतो.
मागून हॉर्न.
मी बोलतेच आहे.