डावी क्लीट

टेबलावर जुना पेपर, त्यावर बूट उताणे,
पत्र्या ठोकायला आडव्या पाडलेल्या बैलासारखे.

आधी खुणा. ग्लेनिसने बजावलंय:
जुनी काढण्याआधी भोवती पेनाने रेघ मार,
नाहीतर गुडघा महिनाभर शिव्या देईल.
ग्लेनिस सत्तरीची. शेफील्डचे सगळे चढ हसत चढते,
माझ्या नावातल्या ळ वर मात्र अजून धाप लागते.
कमलजा म्हणते. म्हणू दे.

दोन स्क्रू सुटले.
तिसऱ्याच्या खाचेत गेल्या हिवाळ्याचा चिखल,
टाचणीने कोरला, तरी पान्हा नुसता गरगर.
मग रबरबँड घालून, दातओठ खाऊन,
कर्र.

दोन्ही शेजारी ठेवल्या.
उजवी जवळजवळ कोरी.
डावी नखाएवढी पातळ, पुढचा ओठ तुटलेला.
म्हणजे ही सायकल चालवून झिजली नाही,
थांबून झिजली.
एक्लेसॉल रोडचा एकेक लाल दिवा,
शाळेपुढे हात धरून रस्ता ओलांडणारी रांग,
एकदा मेंढ्या,
डावा पाय टेकव, उचल, टेकव.
आणि रिंगिंगलोच्या चढावर
उतरून, बूट खरडत, सायकल ढकलत गेलेले
ते तीनशे मीटर,
जे मी कुणालाच सांगितले नाहीत.

ग्लेनिसने परवा तळवा उलटा करून पाहिला होता,
बराच वेळ.
"नवी घे," एवढंच म्हणाली.

आट्यांना ग्रीस. नवी पिवळी क्लीट,
बरोबर रेघेवर.
मग घट्ट करण्याआधी
केसभर आत सरकवली.

गुडघा माझा आहे.