बारावी कुपी

बारा कुपी आल्या होत्या.
लिहून घ्या, बारा.
नाकेबंदीचे दिवस. बटाटे हॉलंडहून,
कांदा कुठून ते देव जाणे,
आणि हे खोकं स्वित्झर्लंडहून मुरगावच्या धक्क्यावर,
भुशात निजवलेलं, अंड्यांसारखं.

दोतोर एव्हारिश्त मिनेझिसांनी पत्र दोनदा वाचलं.
वेड्याला समजून घ्यायचं, तर वैद्याने
आधी स्वतः एक दुपार वेडं व्हावं,
असं काहीसं त्यात होतं.
ते हसले. म्हणाले, देवकी, तू घड्याळ धर.

तर मी घड्याळ धरलं.
आल्तिनोच्या त्या खोलीत, जिथून मांडवी दिसायची
आणि खनिजाच्या बार्जी, तांबड्या, गळ्यापर्यंत बुडालेल्या.
वहीत चार रकाने: वेळ, नाडी, बाहुली, बोलणं.
पहिले तीन माझे.
चौथा त्यांचा, पोर्तुगीजमधून.

पहिली त्यांनीच घेतली.
तासभर काही नाही. मग स्वतःच्या बुटांपुढे
मांडी घालून रडले,
म्हणाले, किती चालवलं मी ह्यांना.
ते चौथ्या रकान्यात कुणी लिहिलं नाही.

मग रोगी. साळगावचा शिंपी बॉस्त्यांव,
चार वर्षं तोंडातून शब्द नाही.
चार वाजून दहा मिनिटांनी खिडकीकडे बोट करून म्हणाला,
शिवण उसवलीय.
दोतोरांनी लिहिलं: असंबद्ध.
मी उठून पाहिलं. चौकट भिंतीपासून
बोटभर सुटली होती.
सुतार मीच बोलावला. बॉस्त्यांव पुन्हा गप्प.

नवं काय होतं त्यात, विचारता?
माझ्या मावशीला धोतरा ठाऊक होता,
कुणाच्या दम्यावर, कुणाच्या नवऱ्याच्या भातात.
तिचं माप चिमूट. चुकली
तर वहीत नाही, वाड्यावर कळायचं, रडण्यावरून.
इथे माप डोळ्याला दिसायचंही नाही.
एवढाच फरक, असं दोतोर म्हणायचे.
आणि घड्याळ, असं मी.

पुढे हणजुण्याच्या वाळूवर परदेशी पोरं आली
कागदाच्या कपट्यावर तेच घेऊन.
एक म्हापशाच्या बाजारात दिसला, मिरच्यांच्या राशीपाशी,
बूट हातात धरून उभा.
वाटलं विचारावं,
बाबा, तुझी नाडी कोण धरतं?

वहीत अकरा नावं आहेत.
तुम्ही मोजलीत, म्हणून तर जिने चढून आलात.
बारावी फुटली, हे माझ्याच अक्षरात आहे.
फुटली नव्हती.

एकसष्टचा डिसेंबर. पूल उडाल्याचे आवाज,
दोतोर केव्हाच लिस्बनला.
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला,
आणि सहा वर्षं मी काठावर बसून
दुसऱ्यांच्या बुडण्याची वेळ लिहीत होते.
दुसरी बाई पाळीवर आली तेव्हा
घड्याळ बॉस्त्यांवच्या हातात दिलं.
मनगट पुढे केलं. त्याने धरलं,
कापडाचा पोत बघावा तसं.

रंगबिंग काही दिसले नाहीत मला.
कोपऱ्यातला नळ ठिबकत होता,
कधीपासून कोण जाणे,
तो पहिल्यांदा ऐकला. तेवढंच.
संध्याकाळपर्यंत तेवढंच, आणि ते पुष्कळ होतं.

ती पानं मी फाडून ठेवली. ही पाहा.
वेळ बरोबर आहे, नाडी बरोबर आहे,
बाहुलीच्या जागी त्याने गोल काढलेत, लहान, मोठा, मोठा.
आणि चौथ्या रकान्यात
टाके.
तीन ओळी, बारीक, एकसारखे,
शेवटी गाठ मारलेली.